‘लव्हलेस’ तुम्हाला कधी उलगडला?

माय ब्लडी व्हॅलेंटाइन या रॉक बँडचा ‘लव्हलेस’ हा अल्बम ४ नोव्हेंबर १९९१ रोजी क्रिएशन रेकॉर्ड्स या लंडनमधील स्वतंत्र कंपनीने प्रकाशित केला. १९८३ साली डब्लिनमध्ये जमलेल्या या बँडने दोन वर्षांहून अधिक काळ घालवून आणि तब्बल १९ स्टुडिओ पालथे घालून ४८ मिनिटांची ११ गाणी तयार केली. ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत अल्बम २४ व्या क्रमांकापर्यंतच चढला, कंपनीने बँडशी संबंध तोडले आणि पुढचा अल्बम यायला २०१३ साल उजाडले. या अल्बमचा विषय निघाला की बहुतेक वेळा खर्चाची कथाच आधी सांगितली जाते. ध्वनिमुद्रणावर अडीच लाख पौंड उडाल्याचा तो आकडा बँडचा प्रमुख केव्हिन शील्ड्स याला मान्य नाही, तरी तो अल्बमला चिकटून बसला आहे.

या धाग्यात ती कथा बाजूला ठेवू या. ज्या अल्बममधले शब्द नीट कळत नाहीत, कोण गात आहे हे पुष्कळदा ओळखू येत नाही आणि गिटार गिटारसारखी वाजत नाही, त्यावर माणसे ३० वर्षांहून अधिक काळ इतका जीव कसा लावतात, हे मला तुमच्याकडून जाणून घ्यायचे आहे. माझ्यापुरते सांगायचे तर ‘ओन्ली शॅलो’ या पहिल्या गाण्यात ड्रमवर चार ठोके पडतात आणि त्याच क्षणी गिटारींची लाट अंगावर येते. ही लाट ओसरली की मागचे गाणे दिसेल, अशा समजुतीने मी पहिल्या वेळी थांबून राहिलो होतो. लाट म्हणजेच गाणे, हे ध्यानात यायला मला पाच-सहा वेळा ऐकावे लागले. तुमच्या बाबतीत हे केव्हा घडले, कुठल्या गाण्यात आणि कुठल्या प्रसंगी, ते कृपया सविस्तर लिहावे. ज्यांना अल्बम भावला नाही त्यांनीही मोकळेपणाने लिहावे.

* * *

माझ्याकडे हा अल्बम आला तो मित्राने भरून दिलेल्या कॅसेटच्या रूपाने. सुरुवातीची दोन-तीन गाणी मी कशीबशी सहन केली, पण ‘टु हिअर नोज व्हेन’ सुरू झाले आणि सूर असे डुचमळू लागले की फीत ताणली गेली असणार याविषयी माझी खात्री पटली. मी कॅसेट बाहेर काढली, पेन्सिलने फीत पूर्ण पुढे आणि पुन्हा मागे गुंडाळली, कापसाच्या बोळ्यावर स्पिरिट घेऊन प्लेअरचे हेड आणि त्याच्या शेजारचे रबरी चाक पुसले. बोळा तपकिरी झाला, पण सूर जसेच्या तसे राहिले. दुसरी कॅसेट लावून पाहिली, तर ती सरळ वाजली. अखेर मित्राला फोन केला, तेव्हा त्याने काही न बोलता मूळ सीडी लावली आणि रिसीव्हर स्पीकरसमोर धरला. तिथेही सूर त्याच जागी, तसेच डुचमळत होते.

जे मी स्पिरिटने पुसून काढायला निघालो होतो ते कोणीतरी स्वतःच्या हाताने, जाणीवपूर्वक आणि अपार कष्टाने घडवलेले आहे, हे कळल्यावर मला जो धक्का बसला तो आजही विसरता येत नाही. त्या संध्याकाळी मी ते एकच गाणे पुनःपुन्हा लावले. ड्रम इतके आत दबलेले आहेत की ते कानाला लागण्याऐवजी केवळ जाणवतात, आणि वर तरंगणाऱ्या सुरांना पाय ठेवायला जमीन नाही. ‘सूर स्थिर असला पाहिजे’ हा माझ्या कानांचा हट्ट त्या दिवशी सुटला. त्यानंतर इतर संगीतही मी अधिक मोकळ्या कानांनी ऐकू लागलो, हे ऋण मी फक्त या अल्बमचे मानतो.

* * *

वरच्या अनुभवात उल्लेख आलेले ते डुचमळणे कसे होते, हे मी हाताने शिकलो असल्यामुळे त्याविषयी लिहितो. मी अनेक वर्षे गिटार वाजवतो. हा आवाज म्हणजे शेकडो गिटारींचे थर आणि पायाखाली पसरलेली पेडले, म्हणजे पायाने दाबून गिटारचा आवाज बदलणारी उपकरणे, असाच माझा समज होता. या प्रकारच्या संगीताला शूगेझ हे नावच मुळी वादक खाली, पायांकडे पाहत वाजवतात यावरून ब्रिटिश संगीतपत्रांनी दिले, त्यामुळे त्या समजाला बळकटीच मिळाली. मी पेडले जमवत गेलो, थरांवर थर चढवत गेलो आणि हाती आला तो केवळ चिखल. वास्तविक शील्ड्सने मुलाखतींतून वारंवार सांगितले आहे की लोक समजतात त्याच्या तुलनेत या अल्बममध्ये गिटारींचे थर फारच थोडे आहेत.

खरे काम उजव्या हाताचे आहे. फेंडरच्या जाझमास्टर किंवा जॅग्वार गिटारला तारांचा ताण कमी-जास्त करणारी एक दांडी असते. एरवी वादक तार छेडतो आणि मग ती दांडी हलवून सुराला हेलकावा देतो. शील्ड्स मात्र ती हातात धरूनच तारा छेडतो, त्यामुळे प्रत्येक फटकाऱ्यासोबत पूर्ण कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सगळे स्वर, किंचित खाली-वर होते आणि कुठलाही स्वर आपल्या जागी नेमका बसत नाही. मींड आपल्या कानांना परकी नाही, पण मींड एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर पोहोचते. इथे सगळेच स्वर एकदम सरकतात आणि पोहोचण्याचे ठिकाणच दिलेले नसते. त्यात भर म्हणून उलट्या रिव्हर्बचा वापर आहे. नेहमीच्या रिव्हर्बमध्ये घुमारा हळूहळू विरत जातो, तर यात तो वाढत जाऊन अचानक कापला जातो. परिणामी तारेवरच्या नखीचा टोकदार आवाज हरवतो आणि सूर आतून फुगून आल्यासारखा भासतो.

हे सगळे समजल्यानंतर मी एक सोडून सारी पेडले काढून टाकली आणि दांडी धरून नुसता ठेका धरण्याचा सराव केला. मनगट इतके सैल ठेवावे लागते की पहिल्या आठवड्यात नखी सतत हातातून निसटत होती. एका रात्री ‘आय ओन्ली सेड’ची चाल सापडली असे वाटले. ती अगदी तशी नव्हती, पण खोलीतली हवा काही क्षण तिरकी झाली होती. गुपित कळल्याने जादू ओसरते असे म्हणतात. माझा अनुभव नेमका उलटा आहे.

* * *

मला हा अल्बम सलग ऐकणे जमत नाही. तिसऱ्या-चौथ्या गाण्यापर्यंत थकवा येतो आणि तो प्रामाणिकपणे नोंदवावा असे वाटते. अपवाद एकाच गाण्याचा, तो म्हणजे ‘समटाइम्स’. २००३ सालच्या ‘लॉस्ट इन ट्रान्सलेशन’ या चित्रपटात रात्रीच्या टोकियोतून टॅक्सी जात असताना ते वाजते, तिथे ते माझ्या कानांवर प्रथम पडले. त्यात ड्रमचा दणका नाही. घरघरत्या गिटारीखाली साध्या गिटारीची छेड स्पष्ट ऐकू येते आणि शील्ड्स स्वतःशी बोलावे तसा गातो. एवढे एक गाणे मला पुरेसे आहे.

* * *

माझ्या मुलाच्या जन्मानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत हा अल्बम मी रोज ऐकत होते, आणि तोही अतिशय कमी आवाजात. हा अल्बम मोठ्या आवाजातच ऐकावा असे सगळे सांगतात, त्यात तथ्य आहेच, परंतु रात्री तीन वाजता बाळ छातीशी असताना माझ्यापुढे तो पर्याय नव्हता. एका कानात हेडफोनची गोळी घालून, दुसरा कान बाळाच्या श्वासाकडे लावून मी ‘ब्लोन अ विश’ ऐकत असे. इतक्या कमी आवाजात गिटारी दूरच्या पावसासारख्या होतात आणि बँडची गायिका बिलिंडा बुचर हिचा आवाज पुढे येतो. तो आवाज आर्जव करत नाही, काही पटवून देत नाही. नुकतीच जाग आलेली व्यक्ती डोळे न उघडता बोलते तसा तो आहे.

बुचरला झोपेतून उठवून तिचे गाणे मुद्रित केले जात असे आणि तिच्या आवाजातली ती गुंगी त्यातून आलेली आहे, हे मला पुष्कळ उशिरा समजले. ते वाचताना डोळ्यांत पाणी आले, कारण मी त्या महिन्यांत जागेपणा आणि झोप यांच्यामधल्या ज्या चिंचोळ्या पट्टीत जगत होते, तिथूनच कोणीतरी माझ्यासाठी गात होते. बँडने या गाण्यांचे शब्द अल्बमसोबत छापले नाहीत, हेही मला त्या काळात योग्यच वाटत असे. अर्थ लावण्याएवढी शक्ती माझ्यात नव्हती आणि ही गाणी माझ्याकडून तशी अपेक्षाही करत नव्हती. ‘व्हेन यू स्लीप’मध्ये मला नेहमी एक स्त्री आणि एक पुरुष एकत्र गाताना ऐकू येत. प्रत्यक्षात ते दोन्ही आवाज एकट्या शील्ड्सचेच, वेग कमी-जास्त करून एकमेकांवर चढवलेले आहेत. हे कळल्यानंतरही मला ते दोघेच ऐकू येतात.

* * *

ड्रमवादकांच्या वतीने एक गोष्ट नोंदवणे आवश्यक वाटते. ध्वनिमुद्रणाच्या काळात बँडचा ड्रमवादक कोलम ओ कीसोग आजारी होता, म्हणून बहुतेक गाण्यांतला ठेका त्याने सलग बसून वाजवलेला नाही. त्याच्या वादनाचे तुकडे सँपलरमध्ये, म्हणजे आवाजाचे तुकडे साठवून हवे तसे वाजवणाऱ्या यंत्रात, घेऊन ते जुळवलेले आहेत. मला ही तडजोड अल्बमच्या पथ्यावर पडली असे वाटते. गिटारी इतक्या अस्थिर असताना ठेकाही माणसासारखा मागेपुढे झाला असता, तर ऐकणाऱ्याला धरायला काहीच उरले नसते. आणि ‘टच्ड’ हा एका मिनिटाहून छोटा, शब्दविरहित तुकडा सर्वस्वी त्याचा आहे. तो गाळून पुढे जाऊ नका.

* * *

बँड पुन्हा एकत्र आला त्या वर्षी, म्हणजे जून २००८ मध्ये, लंडनच्या राउंडहाउसमध्ये मी त्यांना प्रत्यक्ष ऐकले. दाराशीच प्रत्येकाला कानात घालायच्या बोळ्या दिल्या जात होत्या. मी त्या खिशात टाकल्या आणि दुसऱ्या गाण्यापर्यंत मुकाट्याने कानात घातल्या. त्यानंतर जे झाले ते मला अपेक्षित नव्हते. वरची कर्कश धार कापली गेली आणि आवाज कानांऐवजी छातीतून, गुडघ्यांतून, हातातल्या प्लॅस्टिकच्या पेल्यातून येऊ लागला. पेल्यातल्या पाण्यावर बारीक वर्तुळे उठत होती आणि ती ठेक्याबरोबर बदलत होती, हे मी बराच वेळ पाहत राहिलो.

शेवटी ‘यू मेड मी रिअलाइझ’ हे १९८८ सालचे, या अल्बमच्याही आधीचे गाणे झाले, ज्याच्या मध्यावर बँड एकाच कॉर्डवर थांबून कित्येक मिनिटे नुसता गजर करत राहतो. माझ्या पुढची एक मुलगी डोळे मिटून निश्चल उभी होती, तिच्याजवळचा मनुष्य कान दाबून बाहेर निघाला आणि मी स्वतः पहिली काही मिनिटे केवळ ते थांबण्याची वाट पाहत होतो. मग एका टप्प्यावर वाट पाहणे आपोआप थांबले, आणि त्या एकसुरी गजरात मला वेगवेगळ्या चाली ऐकू येऊ लागल्या, ज्या बहुधा कोणीही वाजवत नव्हते. घरी परतून ‘लव्हलेस’ लावला तेव्हा तो मला प्रथमच शांत वाटला.

* * *

लहानपणच्या आजारामुळे माझा डावा कान निकामी झाला आहे. हेडफोन लावून गाणी ऐकणे म्हणजे माझ्यासाठी नेहमीच अर्धे ताट वाढून घेणे असते, कारण बहुतेक अल्बममध्ये एक गिटार डावीकडे असते, दुसरी उजवीकडे, आणि डावीकडचे जे काही असेल ते माझ्यापर्यंत पोहोचतच नाही. म्हणून मी फार पूर्वीपासून एक सवय लावून घेतली आहे. कुठलेही नवे गाणे मी दोनदा ऐकतो. एकदा हेडफोन सरळ घालून आणि एकदा उलटे घालून, आणि मग दोन्ही अर्धी मनातल्या मनात जुळवतो.

‘लव्हलेस’ मी २०२१ साली ऐकला, जेव्हा बँडची गाणी पुन्हा ऑनलाइन ऐकण्यासाठी उपलब्ध झाली. सरळ हेडफोनने पूर्ण अल्बम झाला आणि सवयीने मी ते उलटे घातले. ‘ओन्ली शॅलो’चे चार ठोके पडले आणि तीच लाट, तेवढीच भरलेली, माझ्या त्याच एका कानात शिरली. मला वाटले मी हेडफोन उलटे घातलेच नाहीत. काढून त्यांवरची अक्षरे पाहिली, पुन्हा घातले, ‘कम इन अलोन’ लावले, ‘व्हॉट यू वाँट’ लावले. किरकोळ फरक सोडले तर माझ्या वाट्याला सगळेच आले होते. शील्ड्सने या अल्बममधल्या गिटारी जवळपास मोनो, म्हणजे मधोमध एकवटलेल्या ठेवल्या आहेत. आवाज कृत्रिमरीत्या दोन्हीकडे पसरवून मोठा करण्याऐवजी त्याने तो एकाच जागी दाट केला. इतर श्रोते या अल्बमच्या आवाजाला धुके म्हणतात, ढग म्हणतात. मला मात्र आयुष्यात प्रथमच एखादा अल्बम इतका स्वच्छ आणि अखंड ऐकू आला.

आता मी हा अल्बम एकदाच आणि सरळ ऐकतो. शेवटचे ‘सून’ जवळजवळ सात मिनिटांचे आहे. ते विरू लागले की मी आवाजाची चकती हळूहळू वाढवत नेतो, शेवटचा ठेका ऐकू येईनासा होईपर्यंत.