भुरी एका दिवसात गेली, आता तिची बहीण साखरी नीट खाईना

कळंब्याची_ताई

नमस्कार. कोल्हापुरात कुणी ससे पाळणारं आहे का इथं? मला लवकर उत्तर पाहिजे आहे.

आमच्याकडं दोन ससे, भुरी आणि साखरी, दोघी सख्ख्या बहिणी, लहान असल्यापासून एकत्रच. चार वर्षांच्या. शनिवारी रात्री भुरीनं साखरीच्या तोंडातनं कोथिंबीर ओढून खाल्ली, नेहमीसारखी घरभर पळाली. रविवारी सकाळी दार उघडलं तरी बाहेर येईना. कोपऱ्यात अंग गोळा करून बसलेली, डोळे अर्धे मिटलेले, दातावर दात घासत होती आणि कान हातात धरला तर गार. पोट टणक लागत होतं. पिंजऱ्यात एक लेंडी नाही.

रविवार असल्यामुळं डॉक्टर मिळंना. एकांनी फोनवर सांगितलं आम्ही कुत्री-मांजरं बघतो, सशाचं नाही जमणार. शेवटी दुपारी एक डॉक्टर भेटले, बिचाऱ्यांनी मनापासून बघितलं, कातडीखाली सलाईन दिलं, दुखायचं कमी व्हायचं इंजेक्शन दिलं, ऊब द्या म्हणाले. घरी आणली, गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवली. रात्री मांडीवरच गेली ओ ती. साखरी पायापाशी बसून होती, जाईपर्यंत हलली नाही.

सोमवारी सासऱ्यांनी गावाकडं शेतात बांधाच्या कडेला खोल खड्डा काढून, मीठ घालून पुरलं. तेव्हापासून साखरी नुसती भुरीच्या जागेवर बसून राहते. गवत पुढं केलं की वास घेते आणि तोंड फिरवते. कोथिंबिरीची दोन पानं खाल्ली, तेवढंच. लेंड्या बारीक बारीक पडायल्यात.

लेक चौथीत आहे, ती सारखी विचारते भुरीला नक्की काय झालं. आणि शेजारपाजारचे म्हणतात सशाचं काय एवढं, दुसरा आणा. घरात मला जेवण जाईना, कुणाला सांगू हे. आधी साखरीचं सांगा, तिला काय होऊ नये एवढंच.

पेठेतला_ससेवाला

ताई, लई वाईट वाटलं वाचून. बाकीचं मागनं बोलू, आधी साखरी. लेंड्या बारीक झाल्या म्हणजे तिचं पोट आत्ताच मंद व्हायला लागलंय. दुःखानं म्हणा, भीतीनं म्हणा, ससा खायचा थांबला की आतडं थांबतं, आतडं थांबलं की गॅस धरतो, गॅसनं दुखतं आणि दुखलं की अजून खात नाही. हे चक्र फिरायला लागलं तर एक रात्र पण लई असते. दहा-बारा तास काहीच खाल्लं नाही तर सकाळची वाट बघायची नसते, सरळ डॉक्टर गाठायचा. तिनं दोन पानं खाल्लीत हे चांगलं आहे पण तेवढ्यावर भागत नाही.

रविवारी ज्यांनी भुरीला बघितलं त्यांनाच आज संध्याकाळी दाखवा. माणूस मनापासून बघतोय ना, मग तोच आपला डॉक्टर. जाताना रुमालात तिच्या लेंड्या घेऊन जा, जुन्या मोठ्या असतील तर त्या पण, म्हणजे फरक दिसतो.

तोवर घरी: ओलं हिरवं जे आवडतं ते समोर धरा, मेथी, मुळ्याचा पाला, पुदिना, धुऊन पाणी न झटकता द्या म्हणजे पाणी पण पोटात जातं. कोवळी हराळी मिळाली तर उत्तम, फक्त तणनाशक मारलेल्या बांधावरची किंवा रस्त्याकडंची नको. बिस्कीट, चपाती, गूळ, केळं, "काहीतरी खाऊ दे" म्हणून यातलं काही देऊ नका, पोटात आंबतं आणि गॅस वाढतो. पेलेट, म्हणजे सशाचं गोळ्यांचं खाद्य, देत असाल तर कोमट पाण्यात भिजवून पेजेसारखं करून बिनसुईच्या सिरिंजमधनं गालाच्या कडेनं थोडं थोडं देता येतं, पण पोट टणक लागत असेल तर तोंडातनं जबरदस्तीनं काही घालायचं नाही, आधी डॉक्टरला विचारायचं. आणि पाठीवर उताणी कधीच धरू नका.

भुरीचं फडकं धुऊ नका लगेच असं मी एरवी सांगितलं असतं, माझी जोडी तुटली तेव्हा राहिलेला नर ससा त्या गोणपाटावरच झोपायचा. पण भुरी कशानं गेली ते कळलेलं नाही, त्यामुळं फडकं ठेवायचं का हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा. साखरीनं तिला जाताना बघितलं हे एक बरं झालं. जोडीदार नुसता गायब झाला की ससा दिवसचे दिवस शोधत राहतो.

करवीर_पशुवैद्य

मी जनावरांचा डॉक्टर आहे, जास्त काम गाई-म्हशींचं, पण ससे येतात अधूनमधून. वर सांगितलंय ते बरोबर आहे, त्यात थोडी भर घालतो.

ताई, भुरीचं नेमकं काय झालं हे तपासल्याशिवाय कुणीच सांगू शकणार नाही. पण तुम्ही लिहिलेली लक्षणं, गार कान, टणक पोट, दात घासणं, लेंड्या बंद, ही पोट फुगल्याची किंवा आतडं अडल्याची असतात. सशाला उलटी करता येत नाही, त्यामुळं पुढं वाट बंद झाली तर आत साठलेलं बाहेर पडायला मार्गच नाही. कधी केसांचा घट्ट गोळा लहान आतड्यात अडकतो. कधी लिव्हरचा एक भाग स्वतःभोवती पिळला जातो, ते सोनोग्राफीशिवाय सहसा कळत नाही, वरून फक्त "खाईना" एवढंच दिसतं. यातलं काही आदल्या रात्री बाहेरून ओळखू येतंच असं नाही. ससा म्हणजे ज्याची शिकार होते असं जनावर आहे, दुखलं तरी दाखवत नाही, कारण रानात जो अशक्त दिसतो तोच पहिला धरला जातो. म्हणून आदल्या रात्री कोथिंबीर ओढून खाणारी सकाळी अशी बसलेली दिसते. तुम्ही दिसल्या दिसल्या धावपळ केलीत, दुपारपर्यंत सलाईन आणि दुखण्याचं औषध मिळालं. योग्य तेच केलंत, हे मी नुसतं बरं वाटावं म्हणून लिहीत नाही.

साखरीचं ताप मोजून घ्या. सशाचं नॉर्मल साधारण 38.5 ते 40 डिग्री सेल्सिअस. 38 च्या खाली गेलं तर आधी ऊब, हळूहळू, आणि लगेच दवाखाना.

दोन गोष्टी कुठल्याही दवाखान्यात गेलात तरी स्वतः बोलून दाखवा, कारण सशांची सवय नसलेल्या माणसाकडनं राहून जाऊ शकतात. एक, तोंडातनं अमॉक्सिसिलिन किंवा पेनिसिलिन गटातलं औषध सशाला द्यायचं नाही, आतड्यातले चांगले जंतू मरतात आणि ससा जातो. दुसरं, कुत्र्याच्या गोचिडासाठीचं फिप्रोनिलचं औषध सशाच्या अंगावर टाकायचं नाही. घरातली माणसाची गोळी पण अंदाजानं देऊ नका.

अजून एक, मन घट्ट करून वाचा. एकाच घरात दुसरा ससा असेल तर पहिल्याचं पोस्टमार्टेम करून घेतलेलं चांगलं, म्हणजे संसर्गाचं काही होतं का ते समजतं. सशांमध्ये एक विषाणूचा रक्तस्रावी आजार आहे, 1984 ला चीनमध्ये पहिल्यांदा नोंद झाली, त्यात काही ससे लक्षण न दाखवता मरतात. तो माणसाला होत नाही. भुरीचं चित्र मला पोटाचंच वाटतंय, तरी पिंजरा, भांडी स्वच्छ करून घ्या आणि सध्या नवा ससा घरात आणू नका. वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी: असा प्रसंग आला तर शरीर फ्रीजमध्ये खालच्या कप्प्यात ठेवायचं, बर्फात गोठवायचं नाही, आणि डॉक्टरांशी बोलायचं. इथं सोय नाही झाली तर पुणे हायवेवर शिरवळला सरकारी पशुवैद्यकीय कॉलेज आहे, तिथं फोन करून विचारता येतं.

रुईकर_कॉलनी_मावशी

मला सशातलं कळत नाही पण आमचं मांजर गेलं तेव्हा नातू एवढाच होता म्हणून लिहिते. लेकीला "भुरी झोपली" किंवा "देवाच्या गावाला गेली" असं सांगू नकोस बाळ. आमच्या नातवाला कुणीतरी झोपली सांगितलं तर तो रात्री झोपायलाच घाबरायला लागला, मी झोपलो तर मी पण जाईन म्हणायचा. सरळ सांगायचं, पोटात खूप दुखलं, डॉक्टरांनी औषध दिलं, तरी तिचं शरीर चाललं नाही, ती मेली, परत येणार नाही. रडू दे. तू पण तिच्यासमोर रड, लपवू नकोस. आणि तिला काम दे, साखरीपुढं पाला ठेवायचा, किती खाल्ला ते वहीत लिहायचं. मुलांना हातात काही असलं की बरं पडतं. शेतात जिथं पुरलंय तिथं तिला घेऊन जा एकदा, तिला बघायचंच असणार.

शेजारच्यांचं सोड. ज्यांनी मांडीवर जीव जाताना बघितलेला नाही त्यांना वाटतं बाजारातनं दुसरा आणला की झालं. चार वर्षं घरात वावरलेला जीव आहे तो, त्याचं दुःख होणारच. तू जेवून घे आधी, साखरीचं तुलाच करायचंय.

कळंब्याची_ताई

सगळ्यांचे खूप आभार, काल रात्री लिहायला जमलं नाही. संध्याकाळी त्याच डॉक्टरांकडं नेलं. ताप 38.9, पोट मऊ आहे म्हणाले, आतड्याचा आवाज कमी येतोय पण येतोय. सलाईन आणि दुखण्याचं औषध दिलं, भिजवलेले पेलेट सिरिंजनं द्यायला सांगितले. फडकं धुऊन, कडक उन्हात वाळवून ठेवा म्हणाले. अमॉक्सिसिलिनचं मी स्वतःहून बोलले तर म्हणाले बरोबर आहे, मला माहीत आहे, तरी विचारलं हे चांगलं केलं.

रात्री दर थोड्या वेळानं मी आणि लेक उठत होतो. पहिल्यांदा तिनं सगळं थुंकलं, माझ्या साडीवर. नंतर जीभ बाहेर काढून चाटायला लागली. पहाटे हराळीची काडी स्वतः ओढली, ती काडी हळूहळू आत जाताना बघून लेक आधी हसली आणि मग रडायला लागली, मग आम्ही दोघी रडलो. मावशी, तिला सगळं सरळ सांगितलं. तिनं एकच विचारलं, भुरीला दुखत होतं तेव्हा ती मला ओळखत होती का. मी हो म्हणाले, कारण शेवटपर्यंत माझ्या हाताला नाक लावत होती ती. रविवारी शेतात जाणार आहोत.

एक विचारायचं होतं, ऊन वाढायला लागलंय, साखरी अशक्त आहे, कूलर चालेल का?

पेठेतला_ससेवाला

चालेल, पण वारा सरळ अंगावर नको आणि खोली दमट व्हायला नको, खिडकी थोडी उघडी ठेवा. तिशीच्या वर पारा गेला की सशाला त्रास होतो, त्याला घाम येत नाही, उष्णता जास्त करून कानातनं बाहेर टाकतो. प्लॅस्टिकच्या बाटलीत पाणी गोठवून फडक्यात गुंडाळून एका बाजूला ठेवा, तिला वाटलं तर टेकेल, नाही तर लांब बसेल. पण आज अंग गार लागलं तर बाटली काढा.

आणि रोज सकाळी किचनच्या काट्यावर वजन करा, लेकीच्या त्याच वहीत लिहायला सांगा. वजन उतरायला लागलं तर खाताना दिसली तरी दाखवून आणा. लेंड्या मोठ्या व्हायला लागल्या का ते उद्या कळवा, वाट बघतोय.