गोलकीपरचा आकडाही बघा

फुटबॉलमध्ये चेंडू डोक्याने मारल्याने मेंदूला धोका होतो का, या चर्चेत 'खेळाडू जास्त जगतात म्हणून त्यांना स्मृतिभ्रंश जास्त' असं एक म्हणणं आलं; ते पटत नाही. ग्लासगोचे मेंदूच्या आजारांचे तज्ज्ञ विली स्टुअर्ट यांच्या गटाने २०१९ साली ७,६७६ माजी स्कॉटिश फुटबॉलपटूंची तुलना त्याच वयाच्या २३,०२८ सामान्य पुरुषांशी केली. मेंदू झिजवणाऱ्या आजारांनी होणारे मृत्यू खेळाडूंत साधारण साडेतीन पट निघाले.

त्यांचा २०२१चा शोधनिबंध मात्र या चर्चेत कुणीच काढला नाही. त्यात खेळण्याच्या जागेनुसार हिशेब आहे: बचावपटूंना धोका सामान्य पुरुषांच्या जवळपास पाचपट, गोलकीपरमध्ये लक्षणीय वाढ नाही. मैदान एकच, पण उंचावरून आलेला चेंडू एकजण हातात झेलतो, दुसरा कपाळाने परतवतो. एवढ्याने कारण सिद्ध होत नाही, मान्य. तरी हे वाचल्यावर मी मुलाच्या कोचना भेटले आणि त्याचा हेडिंगचा, म्हणजे चेंडू डोक्याने मारण्याचा, सराव थांबवला.