बारावीच्या मुलांचे दाखले कोण बघणार? साताऱ्यातल्या एका सोसायटीच्या ग्रुपवर झालेलं बोलणं

सी-२०३ : नमस्कार सगळ्यांना. मेसेज मोठा आहे पण आपल्या तीन विंगमध्ये मिळून यंदा बारावीला सहा मुलं आहेत म्हणून लिहितेय. आमच्या मोठ्याची इंजिनिअरिंगची निम्मी ट्यूशन फी माफ व्हायला हवी होती, राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून, आमचं उत्पन्न आठ लाखाच्या आत आहे, कॅप राउंडमधून म्हणजे सरकारी प्रवेश फेरीतून ॲडमिशन, सगळं नियमात बसत होतं. तरी पूर्ण फी भरली. कारण काय तर उत्पन्नाचा दाखला. मी हौसेने डिसेंबरमध्येच काढून ठेवलेला, म्हटलं नंतर गर्दी होते. तो ३१ मार्चला संपला. महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्ती पोर्टलवर फॉर्म भरला, कॉलेजने तो परत पाठवला, त्याचा मेसेज गेला ह्यांच्या जुन्या नंबरवर जो आधारला जोडलेला होता आणि ते सिम बंद. आम्हाला कळलं तेव्हा मुदत संपलेली.

सी-२०३ : त्या वर्षी ह्यांनी पीएफमधून पैसे काढले. पोरगा दोन दिवस जेवला नीट नाही, त्याला वाटलं आपल्यामुळे झालं.

बी-१०४ : अगं वहिनी तू कधी बोलली नाहीस

ए-३०१ : आमचीही यंदा बारावी आहे. दाखला परत काढायचा का एप्रिलमध्ये? मी तर मागच्याच महिन्यात काढलाय

सी-२०३ : हो ताई, परत काढा. १ एप्रिलनंतर नवीन. नॉन क्रीमीलेयर असेल तर त्याचीही तारीख बघा, तेही मार्चला संपतं. डोमिसाईल (राज्यातल्या रहिवासाचा दाखला) आणि जातीचा दाखला एकदा काढला की झालं, ते आत्ताच काढून ठेवा.

ए-३०१ : हे शाळेत कुणीच सांगितलं नाही हो

बी-४०२ : शाळेनं सांगायचं का हे? पालकांनी नको का बघायला. आम्ही सगळं स्वतः केलं, पोवई नाक्यावरच्या केंद्रातून फॉर्म भरला, काही अडलं नाही

सी-२०३ : दादा तुम्ही नोकरीत आहात, तुम्हाला ऑफिसची भाषा कळते. मी बी.कॉम. आहे आणि माझी चूक झाली. ज्या घरात आईबाप दोघं सकाळी सातला बाहेर पडतात आणि हा पोरगा घरातला पहिला कॉलेजला जाणारा, तिथं कोण बघणार सांगा ना. मुलाला नावानिशी ओळखणारं, रोज हजेरी घेणारं ठिकाण शाळा किंवा ज्युनिअर कॉलेजच असतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये परीक्षा होते आणि मुलगा तिथून सुटतो. दाखले लागतात एप्रिलपासून, ॲडमिशन जून-जुलै-ऑगस्ट, शिष्यवृत्तीचा फॉर्म त्याच्याही नंतर. म्हणजे गरज पडते तेव्हाच मूल कुणाचंच नसतं, जुनं कॉलेज म्हणतं तू गेलास, नवीन म्हणतं नोटीस बोर्ड बघ.

बी-१०४ : अगदी खरं

ए-१०२ मॅडम : मी ज्युनिअर कॉलेजला शिकवते म्हणून बोलते. एका वर्गात ८०-९० मुलं, त्यात बोर्डाची कामं, प्रॅक्टिकल, पेपर तपासणी. एकेकाचा फॉर्म भरून देणं आम्हाला शक्य नाही हे आधी सांगते. पण वहिनी म्हणतात ते मला पटतंय. सायन्सच्या मुलांचे जात पडताळणीचे प्रस्ताव आम्ही कॉलेजमधूनच पाठवतो, त्याला प्राचार्यांची सही लागते, म्हणून ते वेळेत होतात. बाकीच्या कागदांना कुणाची सही लागत नाही म्हणून ते कुणाचंच काम नाही.

ए-१०२ मॅडम : आणि एक गोष्ट फक्त शाळाच करू शकते. नावाची दुरुस्ती. आधारवर एक नाव, दहावीच्या मार्कलिस्टवर दुसरं, आईच्या नावात एक अक्षर कमी, आडनाव मागे-पुढे. मूल शाळेत आहे तोवर शाळेचं जनरल रजिस्टर बघून दुरुस्ती करता येते, दाखला हातात घेऊन बाहेर पडलं की फार अवघड होऊन बसतं. नववीतच प्रत्येकाचं आधार आणि रजिस्टर समोरासमोर ठेवून बघितलं तर अर्धे हेलपाटे वाचतील. हे मी स्टाफ मीटिंगला मांडणार आहे.

सी-२०३ : मॅडम 🙏 हेच पाहिजे होतं

बी-३०३ : बँकेत आहे म्हणून एक भर घालतो. पैसे मंजूर होऊनसुद्धा जमा होत नाहीत अशी मुलं रोज येतात काउंटरला. फॉर्ममध्ये लिहिलेला खाते नंबर महत्त्वाचा नाही, आधारला शेवटचं कोणतं खातं जोडलंय तिकडे पैसे जातात. पाचवी-सहावीत शाळेने कुठंतरी खातं काढून दिलेलं असतं, ते बंद पडलेलं, आणि आधार अजून तिथंच जोडलेलं. प्रत्येक मुलाने बँकेत जाऊन आधार सीडिंग, म्हणजे आधारची खात्याशी जोडणी, चालू आहे का एवढंच विचारावं. शाळेने बोलावलं तर मी स्वतः येऊन एका दुपारी सगळ्यांचं चेक करून देईन, साहेबांना विचारून ठेवतो.

ए-३०१ : मुलींची फी पूर्ण माफ झाली ना आता? मग मला हे सगळं करायचं का

बी-३०३ : करायचंच ताई. २०२४-२५ पासून व्यावसायिक कोर्सला ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (मराठा), ओबीसी मुलींना ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, उत्पन्न आठ लाखाच्या आत. पण कॅपमधूनच ॲडमिशन पाहिजे, मॅनेजमेंट कोट्यातून घेतली तर नाही. आणि फॉर्म, दाखले भरावेच लागतात, आपोआप काही होत नाही. खूप पालकांना वाटतं मुलगी आहे म्हणजे माफ, आणि ते फॉर्मच भरत नाहीत.

बी-१०४ : माझी नणंद अमेरिकेत आहे, तिच्या मुलाच्या वेळचं सांगते. तिकडे कॉलेजच्या खर्चाला मदत मिळावी म्हणून फाफ्सा नावाचा एक सरकारी फॉर्म असतो, साधारण ऑक्टोबरपासून भरता येतो, म्हणजे मूल बारावीत शिकत असतानाच, पुढचं कॉलेज ठरायच्या आधी. तिच्या मुलाच्या हायस्कूलने एक संध्याकाळ ठेवलेली, कॉम्प्युटर लॅब उघडी, आईवडिलांनी टॅक्सचे कागद घेऊन यायचं आणि तिथंच बसून भरायचा, समुपदेशक बाई टेबलाटेबलावर फिरत होत्या. ती म्हणाली संध्याकाळी सहानंतर ठेवलं म्हणून आम्ही दोघं जाऊ शकलो. लुइझियाना राज्याने तर २०१८ च्या बॅचपासून नियमच केलेला, एकतर हा फॉर्म भरा नाहीतर भरायचा नाही असं लिहून द्या, मगच हायस्कूल पास. भरणारी मुलं बरीच वाढली. पुढे २०२४ मध्ये तो नियम काढून टाकायचं ठरलं.

बी-४०२ : म्हणजे सक्ती टिकली नाहीच

बी-१०४ : सक्ती नको दादा, पण ते लिहून देण्याचं मला आवडलं. आपल्या शाळेनेही प्रत्येक पालकाकडून सही घ्यावी की आम्हाला योजना समजावून सांगितल्या, आम्ही भरणार किंवा भरणार नाही. मग कुणी माहीत नव्हतं म्हणून तरी राहणार नाही.

बी-४०२ : हे ठीक आहे. सहीला माझी हरकत नाही.

सी-१०१ आप्पा : मी १९६० च्या दशकात शिवाजी कॉलेजात कमवा आणि शिका योजनेत शिकलो. सकाळी शेतावर काम आणि मग वर्ग. घरून एक पैसा येत नव्हता. कर्मवीर भाऊराव पाटील अण्णांनी साताऱ्यात १९२४ साली बोर्डिंग काढलं तेव्हा पोरांना पत्रक वाटून घरी नाही पाठवलं. पोरगं आणायचं, ठेवून घ्यायचं आणि त्याच्या खाण्यापासून फीपर्यंत बघायचं हे शाळेचंच काम समजलं जायचं. ज्या गावात त्यांच्या रयत शिक्षण संस्थेचं मुख्यालय आहे तिथल्या पोरांनी एका कागदासाठी फी भरावी हे मला बघवत नाही. मॅडम तुम्ही मीटिंगला मांडाच. मी येतो बरोबर.

ए-१०२ मॅडम : आप्पा तुम्ही आलात तर फार बरं होईल. मी एक सुचवते, वेगळा दिवस ठेवला तर एप्रिलमध्ये मुलं येणार नाहीत, गावाला जातात, सीईटीच्या क्लासला असतात. पण बारावीची मार्कलिस्ट आणि शाळा सोडल्याचा दाखला न्यायला प्रत्येक मूल येतंच. त्याच दिवशी बाजूच्या खोलीत दोन कॉम्प्युटर, एक महा ई-सेवा केंद्रवाला, एक बँकेचा माणूस. मार्कलिस्ट घेतली की तिथं बसायचं, कुठला कागद कमी आहे ते लिहून घ्यायचं. आणि १ एप्रिलला वर्गाच्या ग्रुपवर एकच मेसेज, उत्पन्नाचा दाखला नवीन काढा. तेवढं मी एकटीही करू शकते.

बी-३०३ : बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. वाल्यांना पण बोलवा मॅडम. त्यांना वाटतं शिष्यवृत्ती इंजिनिअरिंगलाच असते. केंद्राची एक आहे, बारावीला बोर्डाच्या वरच्या २० टक्क्यांत असाल आणि उत्पन्न साडेचार लाखाच्या आत असेल तर पदवीची पहिली तीन वर्षं वर्षाला १२ हजार. ती महाडीबीटीवर नाही, नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर. पहिल्या वर्षीच भरावी लागते, दुसऱ्या वर्षी आठवून उपयोग नाही.

ए-३०१ : लिहून घेतलं. आणि आपल्या वॉचमन मामांची मुलगी? तीही बारावीला आहे ना, सायन्सला

सी-२०३ : हो, तिच्यामुळेच खरं तर आज मेसेज टाकला. काल ती लिफ्टपाशी विचारत होती की काकू नर्सिंगला किती फी असते, मामा म्हणतात एक वर्ष थांब. कागद विचारले तर जातीचा दाखलाच नाही. त्याला पुरावा म्हणून आजोबांच्या शाळेतल्या नोंदीचा उतारा पाहिजे आणि ती शाळा माण तालुक्यात, दहिवडीच्या पुढे. मामांना ड्युटी सोडून दोन दिवस जायला जमत नाही. उतारा मिळाला, मग दाखला, मग पडताळणी, म्हणजे आत्ता निघालं तरच जुलैपर्यंत हातात पडेल.

बी-४०२ : मामांची ड्युटी मी बघतो. चेअरमनशी बोलतो, दोन दिवस बदली माणूस लावू, पैसे मेंटेनन्समधून नको, मी देतो

सी-१०१ आप्पा : शाळेत आजोबांच्या नावाचा आणि अंदाजे सालाचा अर्ज लागेल. मी लिहून देतो, संध्याकाळी त्यांना माझ्याकडे पाठवा.

बी-३०३ : मी मंगळवारी दहिवडीला जातोय ब्रँचच्या कामाला, गाडीत जागा आहे. सकाळी साडेसहाला गेटवर. मामांना म्हणावं रेशनकार्ड ओरिजिनल घ्या, झेरॉक्स नको, आणि पोरीचं आधार पण.

सी-२०३ : सांगते. डबा मी देते दोघांचा.