मरीना घ्या, पण थंड इंजिनावर बघून

भाऊ, पेटी-तबला आणि चार माणसं मावतील अशी स्वस्त डिझेल स्टेशन वॅगन तुम्हाला हवी आहे आणि कुणीतरी टाटाची इंडिगो मरीना सुचवली आहे. मलाही तीच पटते. २००४ साली आलेल्या या गाडीत इंडिकाचंच १४०५ सीसीचं डिझेल इंजिन, त्यामुळे जुन्या मेकॅनिकच्या हातातलं काम. मागचं दार आणि मागचे दिवे मात्र शाबूत बघा, ते भाग मिळणं कठीण.

गाडी सकाळी थंड इंजिनावरच बघा. आधीच सुरू करून ठेवली असेल तर परत या, दुसऱ्या दिवशी जा. चालू इंजिनावर ऑइलचं झाकण काढा. भकाभका धूर आला तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात. सायलेन्सरमधून निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. मग एसी लावून नागपूरच्या वर्धा रोडवर अर्धा तास चालवा, नजर तापमानाच्या काट्यावर. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ गाठतो, कमजोर रेडिएटर तिथे हेड गॅस्केट (इंजिनाच्या हेडखालचं सील) घेऊन जातो.

आरसीची (गाडीच्या नोंदणीची) १५ वर्षांची मुदत वाढवली आहे का, पर्यावरण कर भरलाय का, हे तपासाच. दिल्ली पासिंगची स्वस्त गाडी दिसली तर एनओसी आणि इथला रोड टॅक्स धरूनच भाव बोला.