अनुभव धागा: अडलेलं उदाहरण तुम्हाला कोण सोडवून द्यायचं?

पऱ्हाटी: काल रात्री दारव्ह्याहून भाच्यानं वहीच्या पानाचा फोटो पाठवला. बहिर्वक्र भिंग, नाभीय अंतर 10 सेमी, वस्तू 15 सेमीवर, प्रतिमा कुठं? नुसती खोडाखोड, आणि खाली "मामा, माहं 6 येऊन राह्यलं, पुस्तकात 30 आहे". पोट्ट्यानं u, म्हणजे वस्तूचं अंतर, उणे धरलाच नव्हता. वस्तू भिंगाच्या डावीकडं, म्हणून u = −15. मग 1/v = 1/10 − 1/15 = 1/30. झालं, v म्हणजे प्रतिमेचं अंतर 30. तो झोपला, मी जागा.

आमच्या वेळी फोटो कुठला पाठवता! सर चारची एसटी पकडून गावाला जायचे. गावात सायन्स शिकलेला माणूस एकच, कृषी केंद्रवाला. युरियाच्या थप्पीवर बसून बिलबुकाच्या पाठीमागं किरणाकृती काढून द्यायचा. गिऱ्हाईक आलं की किरण भिंगातच अडकून राहायचा, त्याचं बोंडअळीचं औषध देऊन झालं की मग पुढं.

तुमचं कोण होतं? लिहा बावा.

सांडगा: आमचे लाईनमन काका!! विद्युत शक्तीचा धडा डीपीखाली शिकलो. 5 एचपीची मोटर म्हणजे 5 × 746 = 3730 वॅट. आठ तास चालली की जवळपास 30 युनिट. पुढं म्हणायचे, "पण आठ तास लाईन देते कोण?"

ढेमसं: एकवीस अपेक्षित. त्यात नसलं तर सोडून द्यायचं. गणितात काठावर पास, आज मजेत आहो 😄

मोहफूल: आमचे आबा चौथी शिकलेले. विहिरीत खडा टाकून कान द्यायचे अन् सांगायचे, साठ-पासष्ट फुटावर पाणी आहे. अकरावीत s = ½gt² (t सेकंदांत पडलेलं अंतर s, g म्हणजे गुरुत्व त्वरण) शिकले तेव्हा मी घड्याळ घेऊन गेले. 2 सेकंद भरले. 19.6 मीटर, म्हणजे 64 फूट. मोठ्या तोऱ्यात आबांना सांगितलं. ते म्हणे, "मंग मी काय सांगून राह्यलो होतो?"

सांडगा: 😂😂 आबा जिंकले

चुलीवरची: g 10 घ्यायचा ना, सोपं पडते

मोहफूल: आमचे सर 9.8 शिवाय मार्क देत नव्हते.

ढेमसं: @मोहफूल पाणी किती आहे विहिरीले सध्या? आमच्याकडं यंदा काठाला हात लागते.

चुलीवरची: माझं लिहू की नको करत होते. कुकर लावलाय, शिट्टी होईस्तोवर लिहिते. शेजारची ताई होती. बारावीला गणितात गावात तिच्यासारखं कोणी नव्हतं, निकालानंतर लगेच लग्न. मी अडलेली उदाहरणं तिच्यासाठी साठवून ठेवायची, दिवाळीला माहेरी आली की वही घेऊन पळत जायची. पोरगं मांडीवर, एका हातानं त्याला थोपटणं, दुसऱ्या हातानं इंटिग्रेशन. एकदा घरी येऊन वही उघडली तर मी खूण केलेलं तर सोडवलंच होतं, पण त्याच्या पुढचंही अख्खं उदाहरणसंग्रह सोडवून ठेवलं होतं. मी ते मागितलंच नव्हतं.

झाली शिट्टी.

पऱ्हाटी: माय वं.

मोहफूल: ताई आता कुठं असते?

चुलीवरची: अंजनगावकडं. शेत पाहते. नंबर नाही माझ्याकडं, आईकडून घेते.

खडू_डस्टर: मी दर्यापूर तालुक्यात शिकवतो. रात्री अकराला फोटो येतात. मी उत्तर देत नाही, "u चं चिन्ह काय?" एवढंच लिहितो. ॲपवर फोटो काढला की सगळ्या पायऱ्या येतात, पोरं उतरवूनही आणतात, पण फळ्यासमोर उभं करून भिंगाच्या जागी अंतर्वक्र आरसा दिला की गप्प. आरशाला सूत्रात अधिक चिन्ह येते अन् f (नाभीय अंतर) उणे होते, हे उतरवून कळत नाही.

नववी_ब: सर मी विचारू का. 6 ओहम आणि 3 ओहम समांतर जोडणीत. माझं 9 येते

खडू_डस्टर: ते एकसर जोडणीचं झालं. समांतरमध्ये उत्तर सर्वांत लहान रोधापेक्षाही लहान यायला पाहिजे. विजेला दोन वाटा मिळाल्या ना. आधी 1/6 आणि 1/3 ची बेरीज कर.

नववी_ब: 1/2

खडू_डस्टर: मग?

नववी_ब: 1/2 ओहम

सांडगा: उलटं कर बेटा 😄

नववी_ब: 2!!

ढेमसं: मले आज समजलं हे. खरंच.

सांडगा: एकसर म्हणजे गणपतीतली जुनी माळ, एक बल्ब उडाला की मंडपात अंधार. आमच्या मंडळात बल्ब शोधायची ड्युटी माहीच.

ढेमसं: विषय सोडून विचारतो, वेचणीले बाया भेटून राहिल्या का कोणाकडं? आमच्याकडं किलोचा भाव वाढवूनही कोणी येत नाही.

पऱ्हाटी: दिग्रसकडून गाडी येते म्हणे. मेसेज कर, विचारून सांगतो.