बाबा गावीच राहणार म्हणतात. एकट्या म्हाताऱ्या माणसाला गावात कोणाची, कशी मदत मिळते?

पुण्यातली_दारव्हेकरीण

नमस्कार मंडळी. माझे बाबा ७६ वर्षांचे, दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावी एकटे राहतात. आई जाऊन तीन वर्षं झाली. मी पुण्यात, भाऊ सुरतेला. पाच एकर वावर ठोक्यानं दिलंय, तरी रोज सकाळी धुऱ्यावरून एक चक्कर मारून आल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नाही. दोनदा पुण्याला आणलं. दुसऱ्या वेळी अकराव्या दिवशी पिशवी भरून दारात उभे. "तुमच्या या खुराड्यात दिवस कोणत्या बाजूनं निंघते तेच समजत नाही मले." पुढं काय बोलणार?

आता लिहायचं कारण. पौषातली एकादशी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे चारच्या सुमारास ते अंगणातल्या मोरीकडे जाताना पडले. शेजारच्या काकू सडा टाकायला उठल्या तेव्हा त्यांना दिसले. हाड मोडलं नाही हे नशीब, कपाळाला तीन टाके पडले. बाबा म्हणतात पाय घसरला. काकू म्हणाल्या मोरीचं पाणी अंगावर सांडलं असेल, बनियन चिंब होती. थोडा वेळ काहीतरी असंबद्ध बोलत होते, आईला हाका मारत होते. काकूंनी चहा पाजला तेव्हा भानावर आले.

त्यांना बीपीची एक गोळी आहे, साखरेच्या दोन आणि रात्री लघवीच्या त्रासाची एक. चिठ्ठी दोन वर्षांपूर्वीची, तीच मेडिकलवाल्याला दाखवून गोळ्या आणतात.

भाऊ म्हणतो अमरावतीला एखादा चांगला वृद्धाश्रम बघू. मला ते पटत नाही, पण दुसरं काही सुचतही नाही. पैसे पाठवू शकते. माणूस कुठून पाठवू? गावात राहूनच त्यांचं नीट चालावं यासाठी सरकारी, बिनसरकारी, कसली का असेना, काय सोय असते? कोणी अनुभवाचं सांगा.

बाळापूरचा_दादा

ताई, मी कॅमेरा लावला होता. साडेतीन हजारांचा, मोबाईलवर दिसणारा. पहिले दोन दिवस बरं वाटलं, ऑफिसात बसून माय तूर निवडताना दिसायची. तिसऱ्या दिवशी स्क्रीनवर नुसतं हिरवं. फोन केला तर म्हणे, "त्याच्यावर लुगडं वाळू घातलं बापा, सारखा पाहूनच राह्यते मेला."

आणि लाईन गेली की कॅमेरा आंधळा. आमच्याकडं लाईन कधी जाते हे सांगायला नको.

एक काम मात्र लगेच करून घ्या. बाबा सत्तरीच्या वर आहेत, त्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. ऑक्टोबर २०२४ पासून ७० च्या वरच्या सगळ्यांना वर्षाला ५ लाखांपर्यंत भरती होऊन उपचार मिळतात, उत्पन्नाची अट नाही. भरती व्हावं लागतं, नुसत्या ओपीडीला आणि रोजच्या गोळ्यांना ते चालत नाही. मायच्या बोटांचे ठसे काही केल्या उठेनात, जन्मभर निंदण-खुरपण केलेली बोटं ती. दोन शिबिरांतून परत पाठवलं. तिसऱ्या ठिकाणी एका पोरानं चेहऱ्यावरून करून दिलं, पाच मिनिटांत. ठसे उठत नाहीत म्हणून कोणी वाटेला लावलं तर ऐकू नका.

विचारवंत_४४०

सगळ्या योजना विचारा, पण सेवा नका करू. आईबाप एकटे सोडून पुण्यात बसायचं आणि इथं सल्ले मागायचे. आमच्या वेळी असं नव्हतं.

सेलूची_आशाताई

वरच्या भाऊंचं सोडा ताई. मी वर्धा जिल्ह्यात आशा स्वयंसेविका आहे, १४ वर्षं झाली. माझ्या वहीत साठीच्या वरचे ११४ लोक आहेत, त्यात एकटे राहणारे १७. म्हणून जरा लांब लिहिते, माफ करा.

आधी तुमचं ते पडण्याचं. मी दोनदा वाचलं. पौषाची थंडी, पहाटेचे चार, अन् बनियन चिंब. मोरीपर्यंत पोचलेच नव्हते ना ते? जाताना पडले म्हणता, मग पाणी कुठून सांडलं? अन् आदल्या दिवशी एकादशी. बाबांना एक विचारा: उपासाच्या दिवशी साखरेची गोळी घेतली होती का, अन् रात्री काय खाल्लं होतं.

आमच्या गावात एक आजोबा असेच. गुरुवारचा उपास, गजानन महाराजांचा. पोटात दोन केळी अन् गोळी मात्र डॉक्टरनं सांगितली म्हणून वेळेवर. शुक्रवारी सकाळी घामानं भिजलेले, थरथरत, सुनेला ओळखत नव्हते. घरचे म्हणत होते बाहेरचं लागलं. साखर उतरली होती, मशीनवर ४८. गुळाचं पाणी पाजलं तर पंधरा मिनिटांत म्हणतात, "तू काऊन आली वं इतक्या सकाळी?" तुमच्या काकूंनी चहा पाजला अन् बाबा भानावर आले, तवाच माझ्या डोक्यात हे आलं.

मी डॉक्टर नाही. कोणती गोळी बंद करा हे मी सांगणार नाही, तुम्हीही फोनवरून सांगू नका. पण चिठ्ठी दोन वर्षांची आहे, हे बरं नाही. माणूस एकटा झाला की जेवण कमी होते, वजन उतरते, गोळी तेवढीच राह्यते.

करायचं असं. गावाच्या उपकेंद्रावर, आता आयुष्मान आरोग्य मंदिर अशी पाटी असेल, तिथं समुदाय आरोग्य अधिकारी म्हणजे सीएचओ बसतात. बाबांना सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून तिथं न्यायला सांगा. चिठ्ठी नको, पाकिटं. पाकिटं पाहिली की कळते कोणती गोळी खाल्ली अन् कोणती तशीच पडून आहे. बीपी झोपवून एकदा घ्यायला सांगा, अन् उभं करून एक अन् तीन मिनिटांनी पुन्हा. उभं राहिल्यावर वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त उतरत असेल तर रात्री उठताना चक्कर येते. लघवीच्या त्रासाच्या काही गोळ्यांनीही तसं होते. मग पीएचसीचे म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर पाहतील, नाहीतर उपकेंद्रातूनच ई-संजीवनीवर, म्हणजे सरकारी व्हिडिओ कॉलवर, डॉक्टरांशी बोलता येते. बीपी-साखरेच्या साध्या गोळ्या तिथं फुकट मिळतात, पण साठा संपला असं महिन्याआड ऐकू येते. म्हणून गोळ्या संपायच्या आठ दिवस आधी जायचं.

तुमच्या गावची आशा कोण आहे ते काकूंना विचारा अन् तिचा नंबर घ्या. आमच्याकडं सी-बॅक नावाचा फॉर्म असते, तीस वर्षांच्या वरच्या सगळ्यांचा भरतो. त्यात साठीच्या वरच्यांना वेगळे प्रश्न आहेत: उभं राहताना, चालताना तोल जातो का, रोजच्या कामाला दुसऱ्याची मदत लागते का, घरच्यांची नावं किंवा घरचा पत्ता विसरता का. बाबांचा फॉर्म भरला आहे का विचारा. खरं सांगते, बरेच फॉर्म ओट्यावर बसून भरले जातात अन् म्हातारे सगळ्याला "नाही, नाही" म्हणतात. तोल जातो का विचारलं तर कोण हो म्हणेल चारचौघांत? मी विचारत नाही. "बाबाजी, आतून तांब्याभर पाणी आणा" म्हणते अन् उठताना पाहते. खाटेच्या माचव्याला हात टेकून उठले, भिंत धरून चालले, की माझं उत्तर लिहून होते.

घरात आधी मोरीकडची वाट पहा. रात्रभर जळणारा एक छोटा बल्ब, मोरीच्या भिंतीत धरायला लोखंडी पाईप (गावच्या वेल्डरनं आमच्याकडं ३५० घेतले), अन् रात्रीसाठी खाटेखाली एक भांडं. भांड्याला बाबा लाजतील. लाजू द्या. अन् पहाटे उठले की धाडकन उभं नाही राहायचं, पाय खाली सोडून दोन मिनिटं बसायचं, मग उठायचं.

काठी, कमोडची खुर्ची, चष्मा यासाठी राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना आहे. ६५ च्या वर वय अन् कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २ लाखांच्या आत असेल तर खात्यात एकदाच ३,००० रुपये येतात, मग वस्तूचं बिल द्यावं लागते. तुमच्या घरी बसते का ते समाजकल्याणला विचारा. नसेल बसत तर विकत घ्या ताई, तीन पायांची काठी काही जड नाही तुम्हाला.

१४५६७ हा नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, एल्डरलाईन, म्हाताऱ्या माणसांसाठीची सरकारी हेल्पलाइन, सकाळी ८ ते रात्री ८, फुकट. पण पहाटे चारला तो लागत नाही. पहाटे चारला काकूच.

दर्यापूरचा_बुढा

माझं वय ७८. बायको गेली, मी एकटा राहतो, नातवानं हा फोन शिकवला. तुमच्या वडिलांच्या बाजूनं कोणीतरी बोललं पाहिजे म्हणून टाइप करून राहिलो, एका बोटानं.

पोरी, तुझा बाप गाव सोडणार नाही. तिथं त्याला लोक नावानं हाक मारतात. पुण्यात तो "तिचे वडील" आहे.

आमच्या गावात संध्याकाळी गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना होते, तुकडोजी महाराज होते तेव्हापासूनची. मी काही मोठा भाविक नाही. पण सात वाजता जाऊन बसतो, कारण तिथं हजेरी लागते. म्हणजे वहीत नाही, नजरेत. एखादा दिसला नाही की प्रार्थना संपल्यावर एक पोरगा त्याच्या घरी जाऊन दार वाजवून येतो. मागच्या पावसाळ्यात मी दिसलो नाही. पोरगा आला तर मी तापानं फणफणलेला. त्यानंच ऑटो केला. तुमच्या गावात मंडळ असेल तर वडिलांना तिकडे जायला सांगा. म्हातारपणासाठी जा म्हणू नका, तबला कोणी धरत नाही म्हणतात, म्हणून जा असं सांगा.

जेवणाचं. मीही पहिलं वर्षभर सकाळची भाकर संध्याकाळी चहात बुडवून खाल्ली. पोराला फोनवर सांगायचो, वांग्याची भाजी केली होती. तुझा बापही तुला तेच सांगत असेल. आता बचत गटातली एक बाई दोन वेळचा डबा देते, महिन्याला २,५०० रुपये. आंबाडीची भाजी अन् ज्वारीची भाकर असली की मी डबा आणणाऱ्या पोराला एक रुपया देतो.

अन् ७५ पूर्ण झाले असतील तर एसटी फुकट आहे त्याला, ऑगस्ट २०२२ पासून. त्याला एकट्याला तालुक्याला जाऊ दे. घाबरून घरात बसवशील तर पाय आखडतील. शकुंतला रेल्वे, आमच्याकडची ती हळू चालणारी छोटी गाडी, होती तेव्हा आम्ही चालत्या गाडीतून उतरायचो अन् परत चढायचो. ते पाय आहेत हे.

विचारवंत साहेब, आमच्या वेळीही पोरं मुंबईला गेली होती. पोस्टकार्ड यायचं महिन्यातून एक.

पुण्यातली_दारव्हेकरीण

(सुमारे महिन्यानंतर)

उशीर झाला त्याबद्दल सगळ्यांची माफी. मी आठ दिवस गावी जाऊन आले.

आशाताई, तुमचं पत्र मी बाबांना वाचूनच दाखवलं. "उपासाच्या दिवशी गोळी घेतली होती का?" तर म्हणाले, "घेतली ना, गोळीले का उपास राह्यते?" रात्री फक्त एक कप दूध घेतलं होतं. मी स्वयंपाकघरात जाऊन डबे पाहिले. तिखटाचा डबा भरलेला, तेलाची बाटली संक्रांतीला मीच पाठवली होती ती तशीच. दर्यापूरचे काका, वांग्याची भाजी तुमच्याकडचीच बहुतेक.

पाकिटं घेऊन उपकेंद्रावर गेलो. सीएचओ मॅडम पंचविशीतल्या, फार शांत. झोपून बीपी १४८, उभं राहून तीन मिनिटांनी १२२. वजन वर्षभरात सहा किलो उतरलं होतं. तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी सांगितली, ती ५.९ आली. पीएचसीच्या डॉक्टरांनी साखरेची एक गोळी बंदच केली, म्हणाले या वयात साखर इतकी खाली ठेवायची गरज नाही, उतरण्याचा धोका मोठा. लघवीच्या गोळीचंही त्यांनी पाहिलं. डोक्यावरचे टाके बघून मॅडमनी विचारलं, "पडताना घाम आला होता का?" बाबा माझ्याकडं बघायला लागले, जणू मीच आधी येऊन सांगून ठेवलंय.

आमच्या गावची आशा आमच्या घरापासून चौथ्या घरात राहते. मला माहीतच नव्हतं. माझ्या शाळेतल्या मैत्रिणीची ती वहिनी. मी पुण्यात बसून सुविधा शोधत होते.

डबा सुरू केलाय. पहिले दोन दिवस बाबांनी परत पाठवला, "मी काय पांगळा हाव का" म्हणून. तिसऱ्या दिवशी डबा देणाऱ्या ताईनं झुणका अन् जवसाची चटणी पाठवली. परत आला नाही. मोरीला पाईप लागला, बल्ब लागला. भांड्यावरून भांडण झालं, ते मी हरले.

एकादशी ते सोडणार नाहीत. डॉक्टरांनी तोडगा काढला: उपास करा, पण भगर, शेंगदाण्याची आमटी, दोन्ही वेळा पोटभर, आणि त्या दिवशीच्या गोळीचं आदल्या दिवशी मॅडमना विचारायचं. भाऊ वृद्धाश्रमाचं अजून म्हणतो, जरा कमी आवाजात.

काल एकादशी होती. आज सकाळी साडेसहाला काकूंनी फोटो पाठवला. बाबा ओट्यावर, हातात चहाची बशी, वावराची चक्कर मारून आलेले दिसतात, चपलांना माती आहे. मी घेऊन दिलेली तीन पायांची काठी मागं खुंटीला उलटी टांगलेली, तिच्या तिन्ही पायांवर धोतर वाळत घातलंय.