ठाणे खाडीत फ्लेमिंगो आले, मासे कधी येणार?

खाडीकाठची:
ऐरोलीहून बोटीने फ्लेमिंगो बघून आलेली माणसं सांगतात, "खाडी सुधारली." मला हे पटत नाही. इथे मोठ्या संख्येने येणारा लहान फ्लेमिंगो मुख्यतः सूक्ष्म शेवाळावर जगतो आणि ते शेवाळ सांडपाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर चांगलं पोसतं. मग थवे वाढले म्हणून पाणी स्वच्छ झालं, असं कसं म्हणायचं? माशाला पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन लागतो. सांडपाणी कुजताना जिवाणू तोच खाऊन टाकतात. खाडी सुधारली की नाही ते नाल्यांच्या तोंडाशी बोय मासा आणि कोळंबी परत आली का, यावर ठरवा.

मुलुंडकर:
ताई, पक्ष्यांना इतकं कमी लेखू नका. २०१५ साली अभयारण्य झालं, २०२२ साली रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, नाव आलं, ते पक्ष्यांच्या जोरावरच. त्यामुळे भराव टाकणाऱ्यांना आणि तिवरं तोडणाऱ्यांना आज कायद्याची भीती आहे. माशांची पिल्लं वाढतात ती तिवरांच्या मुळांतच ना? आधी जागा वाचू द्या, पाण्याचं मग बघू.

खाडीकाठची:
जागा वाचली याचा मलाही आनंद आहे. पण "पाण्याचं मग" म्हणत किती वर्षं काढायची? तिवरांतली पिल्लांची नर्सरी शाबूत आणि आत श्वास घ्यायला हवा नाही, तर पिल्लं जगणार कशी?

पागवाला:
आम्ही कोळीवाड्यातले. माझे बाबा ठाण्याच्या बाजूला पाग, म्हणजे हाताने फेकायचं जाळं, टाकायचे. आता त्या बाजूचं म्हावरं घरी आणलं तरी रॉकेलचा वास येतो, गिऱ्हाईक परत करतं. उधाणाला पाणी जरा तरी हलतं, भांगाच्या, म्हणजे भरती-ओहोटी कमी असते त्या दिवसांत तीच घाण वरखाली होत राहते, कारण उत्तरेला उल्हासकडे जाणारी वाट अरुंद आहे आणि समुद्र दक्षिणेला लांब.

मुलुंडकर:
दादा, पण परवाच ओहोटीला चिखलावर निवट्या, ते चिखलातले छोटे मासे, उड्या मारताना पाहिल्या. म्हणजे काहीतरी सुधारतंय की!

पागवाला:
निवटीवर जाऊ नका साहेब. ती ओल्या कातडीतून हवा घेते, पाण्याबाहेर चिखलात तास न् तास राहते. पाणी वाईट असलं तरी ती दिसेल. जिताडा मासा दिसला तर सांगा.

मुलुंडकर:
निवटीचं हे मला माहीत नव्हतं, मान्य. तरी प्रश्न पैशाचा आहे. प्रत्येक नाल्याचं सांडपाणी अडवून शुद्ध करायचं म्हणजे मोठा खर्च. त्यापेक्षा गाळ काढून खाडी खोल केली तर पाणी वाहतं होईल.

खाडीकाठची:
गाळ काढाल तर निवट्या, चिंबोऱ्या, शिंपल्या यांचं घरच उचलून न्याल. शिवाय ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांनी इतकी वर्षं सोडलेले जड धातू तळाशी बसलेत, ते ढवळून पाण्यात येतील. गाळ आला तो नाल्यातून, मग आधी नालाच धरायला हवा. आणि नाल्याच्या तोंडाशी ऑक्सिजन मोजायचा तो भांगाच्या दिवशी, पहाटे. रात्रभर शेवाळही ऑक्सिजन ओढतं, त्यामुळे तेव्हाच तो सर्वांत कमी असतो. दुपारी भरतीला घेतलेला नमुना मी मानणार नाही.

पागवाला:
पहाटे न्यायला होडी आमची आहे.